पंधरा ते पन्नास : जुन्या मोटारींचा वनवास

मुंबईतील शेवटच्या नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली आणि वृत्तपत्रांनी तिला यथोचित निरोप दिला. छायाचित्रे छापून आली, आठवणी निघाल्या, एखादी तरी टॅक्सी संग्रहालयात ठेवावी अशी मागणीही झाली. चार दिवसांनी सारे शांत झाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून ही गाडी प्रथम फियाट ११०० या नावाने निघत होती आणि १९७४ पासून ती पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनी मोटारगाडी म्हणून जे काही पाहिले, ते बहुतांशी हिच्या आणि ॲम्बॅसॅडरच्या रूपाने. शेवटची टॅक्सी नोंदली गेली होती २००३ मध्ये. म्हणजे तिला पन्नास वर्षे पूर्ण होतील ती २०५३ मध्ये. हा साधा हिशेब येथे मुद्दाम मांडला आहे, कारण आपल्या कायद्याच्या दृष्टीने मोटार वारसा ठरते ती पन्नासाव्या वर्षी, आणि अडगळ ठरू लागते ती पंधराव्या वर्षी.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने मोटारींच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. माझ्या नावावर एक स्कूटर आहे आणि ती चालू स्थितीत आहे, एवढाच माझा या क्षेत्रातील अधिकार. परंतु वस्तूची किंमत कशी ठरते, ती शून्यापर्यंत कशी उतरते आणि क्वचित शून्यावरून पुन्हा वर कशी चढते, हा प्रश्न निखळ अर्थशास्त्राचाच आहे. मायकेल टॉम्पसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच प्रश्नाचा ऊहापोह केला होता. वस्तूंचे दोन वर्ग आपण सहज ओळखतो. एकाची किंमत दिवसेंदिवस घटते, दुसऱ्याची वाढते. पहिल्या वर्गातील वस्तू दुसऱ्या वर्गात जाते कशी? त्याचे उत्तर असे की, मध्ये एक तिसरा, कोणाच्याही हिशेबात नसलेला वर्ग असतो, तो म्हणजे केरकचऱ्याचा. वस्तूला या निर्मूल्य अवस्थेतून जावेच लागते. घसारा पूर्ण झाला, हिशेबवहीतून नाव खोडले गेले, आणि तरीही कोणीतरी ती फेकली नाही, तरच ती पुढे मौल्यवान ठरते.

आता आपला कायदा पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली खासगी दुचाकी व चारचाकी वाहने यात येतात. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढील नूतनीकरण ५,००० रुपयांत. अशी गाडी रोजच्या वापरासाठी वा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, संचलन, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच निमित्ताने ती बाहेर पडू शकते. हे सर्व योग्यच आहे. अनेक वर्षे रखडलेल्या या तरतुदीचे स्वागत केले पाहिजे.

परंतु त्याच वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरणही जाहीर झाले. त्यानुसार एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये झाले आणि दुचाकींसाठी २,००० रुपये. हे नूतनीकरण पाच वर्षांसाठी असते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतरचा पर्यावरण कर निराळा. सुज्ञ वाचकांनी भागाकार करून पाहावा. एकवीस वर्षांच्या मोटारीचा मालक वर्षाला २,००० रुपये भरतो. पन्नाशी ओलांडलेल्या, एकदा नोंदल्या गेलेल्या व्हिंटेज गाडीचा मालक नूतनीकरणानंतर वर्षाला ५०० रुपये भरतो. पहिला बहुधा सेवानिवृत्त शिक्षक असतो; दुसरा कोण असतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

शुल्काची रक्कम फार मोठी आहे अशी तक्रार नाही. तक्रार आहे ती तर्काची. पन्नासावे वर्ष गाठण्यासाठी प्रत्येक मोटारीला एकविसाव्या, तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षातून जावेच लागते. या पस्तीस वर्षांच्या वनवासात शासन तिला म्हणते, ‘तू लवकर मर’. आणि ती मेली नाही तर पन्नासाव्या वाढदिवशी तिच्या गळ्यात हार घालते. मधल्या काळात ती जगते कोणाकडे? ज्याच्याकडे रिकामी जागा आहे, नोकर आहेत आणि पैशाची निकड नाही, त्याच्याकडे. परिणामी पन्नास वर्षांनंतर आपल्याला जो वारसा उरेल, तो समाजाने वापरलेल्या वाहनांचा नसेल, काही मोजक्या घराण्यांनी झाकून ठेवलेल्या वाहनांचा असेल.

हे अनुमान केवळ कल्पनेचे नाही. आमचा औंढा नागनाथ तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सहाव्या निजामासाठी मागविलेली १९१२ ची पिवळ्या रंगाची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट, आत सिंहासनासारखे आसन असलेली, फारशी न धावलेली, आज पुनरुज्जीवित होऊन हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याच्या सोहळ्यात अजून मानाने बाहेर पडते. या गाड्या जपल्या गेल्या हे चांगलेच झाले, त्यांचा हेवा वाटण्याचे कारण नाही. पण त्याच निजामी राज्यात १९३२ मध्ये रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने २७ बसगाड्यांनिशी सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली होती. राजाची मोटार काहीशे मैल धावली. त्या बसगाड्या रयतेला घेऊन किती धावल्या असतील! शाळेत मुलांना दाखवायचे म्हटले, तर सिंहासनाची मोटार दाखविता येते. आपल्या आजोबांचा प्रवास कशातून झाला, हे दाखविण्यास मराठवाड्यात काय आहे?

येथे सर्वसामान्य हौशी माणसाकडे वळले पाहिजे, कारण शासनाने न केलेले काम आज तोच करीत आहे. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, या छंदाला मोठी परंपरा आहे. १९६४ मध्ये पाँटियाक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवून ‘जीटीओ’ ही गाडी बाजारात आणली. पद्मिनीचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे. म्हणजे त्या एका यंत्रात आपल्या जवळजवळ सहा पद्मिनी सामावल्या असत्या. अशा दांडग्या गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणत. स्वस्त पेट्रोलवर वाढलेली ती पैलवानकी धुराचे निर्बंध, विम्याचे चढे हप्ते आणि १९७३ चा तेलसंघर्ष यांनी काही वर्षांतच संपविली. आज त्याच गाड्या गंजक्या अवस्थेत विकत घेऊन घरामागच्या छपरात वर्षानुवर्षे दुरुस्त करीत बसणारे लक्षावधी लोक तिकडे आहेत. एकेकाकडे तीन-तीन, चार-चार. अशा गाडीला ते ‘प्रोजेक्ट’ म्हणतात.

आपल्याकडे आयातीवरील निर्बंधांमुळे ती दांडगी जात आलीच नाही. जनरल मोटर्सचा शिवडीचा जुळणी कारखाना १९२८ मध्ये निघाला आणि १९५४ मध्ये बंद झाला. त्यानंतर आपल्या वाट्याला जे आले, त्यातूनच आपला हौशी वर्ग निर्माण झाला. कोणाकडे जुनी जीप, कोणाकडे पद्मिनी, कोणाकडे म्हैसूरची जावा, कोणाकडे आकुर्डीची चेतक तर कोणाकडे लूना. आणि ‘प्रोजेक्ट’ हा शब्द आपल्याकडेही आला. मराठवाड्यातील माणसाला प्रकल्प या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. भूमिपूजन होते, पाया खणला जातो आणि खर्चाचे अंदाजपत्रक सुधारत राहते.

या हौशी लोकांविषयी मला आदर आहे. पण त्यांच्या व्यवहाराचे अर्थशास्त्र तपासल्यावाचून राहवत नाही. एक जीप अर्धवट खोललेली असताना माणूस दुसरी का घेतो? कारण गंजलेली गाडी विकत घेण्याचा खर्च लहान आणि डोळ्यांसमोर असतो, तर ती उभी करण्याचा खर्च मोठा आणि दडलेला असतो. खरेदीच्या वेळी दिसते ती गाडी. पत्र्याखालचा गंज, फुटलेला ब्लॉक, न मिळणारा गिअर या गोष्टी बॉनेट उघडल्यावर आणि तळ खरवडल्यावर दिसतात. इंजिन बोअर करून पिस्टन बदलण्याचा खर्च सांगता येतो. पत्र्याच्या कामाला किती दिवस लागतील, हे कोणताही प्रामाणिक मिस्त्री सांगत नाही. मग पहिल्या गाडीत गेलेला पैसा बुडीत आहे हे मान्य करणे जड जाते, आणि दुसरी घेऊन तिचे सुटे भाग पहिलीला लावू, असा युक्तिवाद सुचतो. तो अगदीच चुकीचा नाही. तीन गाड्यांतून एक उभी राहते, हा कित्येक गॅरेजांचा अनुभव आहे. परंतु पुष्कळदा तिन्ही ताडपत्रीखाली राहतात. ज्या तीन माणसांनी प्रत्येकी एक गाडी पूर्ण केली असती, त्यांना गाडी मिळत नाही, आणि ज्याच्याकडे तीन आहेत त्याच्याकडून एकही पूर्ण होत नाही. याला जतन म्हणता येणार नाही. हे भांडवल कुजविणे झाले. धान्याच्या साठेबाजीवर आपण लेख लिहितो, या साठेबाजीकडे मात्र छंद म्हणून कौतुकाने पाहतो.

या बाजाराची दुसरी अडचण जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्येच सांगून ठेविली आहे, आणि तीही जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा सर्वच गाड्यांना सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि खराब उरतात. या विवेचनास पुढे २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. जुन्या गाड्यांच्या पुनरुज्जीवनात हे दुप्पट लागू पडते. ज्याने पत्रा कापून नवा जोडला आणि ज्याने गंजावर लांबी थापून रंग फासला, त्या दोघांच्या गाड्या पहिल्या दिवशी सारख्याच चमकतात. प्रामाणिक मिस्त्रीला त्याच्या श्रमाचे मोल मिळत नाही ते यामुळे. उपाय फार अवघड नाही. कोणते काम केव्हा केले, कोणता भाग मूळचा, कोणता बदललेला, याची छायाचित्रांसह नोंदवही ठेवावी, आणि परिवहन विभागाने तिला मान्यता द्यावी. सातबाऱ्यावर जमिनीचा इतिहास असतो, तसा मोटारीचाही असू शकतो.

आता ‘मूळ स्वरूप’ या शब्दाकडे येऊ. नियमातील ही अट वरवर निर्दोष आहे. पण ती परदेशी संग्राहकाच्या डोळ्यांनी पाहून घातलेली दिसते. आपल्याकडे १९७३ आणि १९७९ च्या तेलदरवाढीनंतर पेट्रोल परवडेनासे झाले, तेव्हा कितीतरी जीप आणि ॲम्बॅसॅडर गाड्यांतून मूळचे इंजिन काढून डिझेलचे बसविण्यात आले. गाडी चालती राहावी आणि घर चालावे, हा त्यामागचा हेतू होता. अशी जीप नियमाच्या कसोटीला उतरत नाही. वस्तुतः बदललेले ते इंजिन हाच तिचा इतिहास आहे. तेलाच्या किमतींनी ग्रामीण भारतात काय केले, हे एखाद्या आलेखापेक्षा ते इंजिन अधिक स्पष्ट सांगते. क्यूबात १९६० च्या सुमारास अमेरिकेशी व्यापार तुटल्यावर तेथील कारागिरांनी जुन्या अमेरिकन मोटारी सोव्हिएत सुटे भाग घालून चालू ठेवल्या, आणि आज जग त्या पाहायला हवानाला जाते. त्यांना कोणी ‘मूळ स्वरूपाचा’ दाखला मागत नाही.

आम्हा औंढेकरांना हे समजण्यासाठी हवानापर्यंत जावे लागत नाही. नागनाथाच्या मंदिराचा खालचा भाग यादवकालीन, घडीव आणि कोरीव दगडाचा. वरचे शिखर उत्तरकालीन, चुन्याच्या कामाचे, परंपरेने अहिल्याबाई होळकरांच्या जीर्णोद्धाराशी जोडले जाणारे. दोन काळांची सांधरेषा डोळ्यांना स्पष्ट दिसते. कोणी ती लपविलेली नाही, आणि तिच्यामुळे ज्योतिर्लिंगाची थोरवीही उणावलेली नाही. मोडलेले पुन्हा उभे करताना जे साहित्य हाताशी असेल ते वापरावे, आणि ते वेगळे आहे हे दिसू द्यावे, ही आपल्याकडील जीर्णोद्धाराची रीत आहे. नियम करणाऱ्यांनी ‘मूळ स्वरूप’ याऐवजी ‘नोंदविलेले स्वरूप’ असा शब्द घातला असता, तर अडचण उरली नसती.

या सर्वांवर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. जुन्या मोटारी धूर ओकतात. भारतात उत्सर्जनाची ‘भारत स्टेज’ मानके २००० पासून लागू झाली आणि एप्रिल २०२० मध्ये आपण सहाव्या टप्प्यावर आलो. कार्ब्युरेटरची, धूरशुद्धीची कोणतीही सोय नसलेली जुनी गाडी आणि आजची गाडी यांची तुलनाच होऊ शकत नाही. दिल्लीसारख्या शहरात माणसे श्वासासाठी तळमळत असताना, माझ्या आजोबांच्या ॲम्बॅसॅडरसाठी सवलत द्या, हे म्हणणे निर्लज्जपणाचे होईल. अपघातात चालकाचे रक्षण करणारी साधनेही या गाड्यांत नाहीत. म्हणून रोज कचेरीत जाण्यासाठी वापरली जाणारी तीस वर्षांची गाडी आणि जपून ठेवलेली तीस वर्षांची गाडी यांत भेद केलाच पाहिजे. धूर गाडीच्या वयावर अवलंबून असतो, तितकाच ती वर्षाला किती किलोमीटर धावते यावरही. वर्षातून पाचशे किलोमीटर फिरणारी जीप हवा बिघडविते ती नाममात्र. आपला कायदा फक्त वय पाहतो, कारण वय कागदावर असते.

इतर देशांनी हा भेद केला आहे. जर्मनीत तीस वर्षांच्या, उत्तम राखलेल्या मोटारीला १९९७ पासून स्वतंत्र ऐतिहासिक क्रमांक मिळतो. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर वाहनकर माफ होतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत पंचवीस वर्षे पुरतात. आपण पन्नास धरली. पंचवीस वर्षांनंतर, वर्षाला ठरावीक किलोमीटरच्या मर्यादेसह, अल्प शुल्कात ‘जतन वाहन’ म्हणून नोंदणी देण्यास कोणती हरकत आहे? एका व्यक्तीस एका वेळी एकच अपूर्ण गाडी अशा नोंदणीत ठेवता यावी, पहिली चालू झाल्याशिवाय दुसरी नोंदता येऊ नये, अशीही अट मी घालीन. हौशी मंडळींना ती आवडणार नाही. लूनासारख्या दुचाकीला मात्र २०,००० रुपयांचे व्हिंटेज शुल्क लावणे म्हणजे वाहनाच्या किमतीहून अधिक दाखल्याची किंमत घेणे आहे, आणि याविषयी कोणत्याच पक्षाचे दुमत होऊ नये.

इंधनाचा प्रश्न यापुढे अधिक बिकट होणार आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. आमच्या ऊस उत्पादकांच्या दृष्टीने हे चांगले आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. परंतु जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि गॅस्केटे त्याला टिकत नाहीत, आणि इथेनॉल पाणी शोषून घेत असल्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते. नळ्या बदलता येतात, टाकीला आतून लेप देता येतो. मात्र हे ज्ञान असणारा मिस्त्री जवळपास हवा.

माझ्या दृष्टीने खरे मोल त्या मिस्त्रीचे आहे. औंढ्याहून हिंगोलीकडे, वसमतकडे किंवा जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कान देऊन इंजिनचा दोष ओळखणारी वयस्क माणसे अजून आहेत. कार्ब्युरेटर जुळविणे, व्हॉल्व्ह घासून बसविणे, लेथवर बुश काढणे, हातोडी आणि डॉलीने पत्रा सरळ करणे ही त्यांची विद्या. त्यांची मुले संगणक जोडून दोष वाचतात आणि संपूर्ण जोडणीच बदलतात. नव्या गाडीला तेच योग्य आहे. परंतु जुनी विद्या कोणत्याही पुस्तकात पुरती उतरलेली नाही, आणि ज्या गाड्यांवर ती शिकता येते त्या गाड्या गेल्या की तीही जाईल. ज्या तालुक्यात २,६०० कोटी रुपयांची लायगो वेधशाळा उभारण्यास २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, आणि जिथे प्रोटॉनपेक्षाही सूक्ष्म हालचाल मोजली जाणार आहे, त्याच तालुक्यातील मुलाला क्रँकशाफ्टची झीज मायक्रोमीटरने मोजता येऊ नये, ही विसंगती मला अस्वस्थ करते.

एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले आहे. तहसीलच्या, पंचायत समितीच्या, आरोग्य केंद्रांच्या जीपगाड्या आणि राज्य परिवहनाच्या बसगाड्या या नियमाने मोडीत जाणार आहेत. त्यांतील बहुतेक जाव्यात. पण प्रत्येक जिल्ह्यात एक जीप आणि एक बस लोखंडाच्या भावाने लिलावात न काढता औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला द्यावी. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम तेथे आहेच. एखाद्या निवृत्त मिस्त्रीला दोन वर्षे मानधन देऊन मुलांबरोबर बसवावे, आणि चिकलठाण्याच्या एस.टी. कार्यशाळेसारख्या ठिकाणी बॉडीचे काम करवून घ्यावे. खर्चाचे म्हणाल, तर एका नव्या सरकारी मोटारीच्या किमतीत बसेल असा माझा अंदाज आहे. आणि त्या संस्थेच्या आवारात ती जीप चालू स्थितीत उभी राहिली, तर हिंगोली जिल्ह्यातल्या मुलांना ती पाहण्यासाठी हैदराबादचे तिकीट काढावे लागणार नाही.